चित्र नसताना

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या हॉलमध्ये एखादा जुना इंग्रजी सिनेमा लागतो. लावतो माझा नवरा, आणि दहा मिनिटांत सोफ्यावर झोपी जातो तोही तोच. मी आत ओटा आवरत असते, विरजण लावत असते, डाळींचे डबे पुसत असते. त्यामुळे असे कितीतरी सिनेमे मी पाहिलेले नाहीत, नुसते ऐकलेत. भिंतीआडून संवाद धड कळत नाहीत, पण संगीत थेट आत येतं आणि तेवढ्यावर सगळा उलगडा होतो. आता कुणीतरी घोड्यावरून निघालं. आता तिच्या हातात पत्र पडलं. आता दोघं काही बोलत नाहीयेत, नुसती एकमेकांकडे बघताहेत. व्हायोलिनं एकदम चढली म्हणून हात पुसत बाहेर डोकावावं, तर पडद्यावर खरोखरच जहाज बंदर सोडत असतं.

मुलाला हे सगळं फार होतं. "आई, सतत काय वाजवत बसतात गं हे? लोकांना जरा श्वास तरी घेऊ द्या म्हणावं." त्याचं अगदीच चुकत नाही. आजच्या सिनेमात पार्श्वसंगीत बहुधा खाली कुठेतरी गुरगुरत असतं, आहे की नाही कळू नये इतपत. हॉलिवूडमध्ये १९३० ते १९६० च्या दरम्यान जे वाजलं ते मात्र भरजरी होतं, आणि त्याची त्याला मुळीच लाज नव्हती. दुःख झालं तर साठ वादक मिळून दुःख करत. मला ते आवडतं. का आवडतं याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही. विचार करायला लागलं की एकातून दुसरं निघत जातं.

बोलपट नवे होते तेव्हा निर्मात्यांना एक अजब धास्ती होती. वाळवंटात दोघं भांडताहेत आणि मागे व्हायोलिनं वाजताहेत, तर प्रेक्षक विचारणार नाही का, की हे वादक बसलेत कुठे? म्हणून सुरुवातीच्या बोलपटांत संगीत असलंच तर कुणीतरी रेडिओ लावायचा, नाहीतर खिडकीखालून बँड जायचा. पुढे १९४४ मध्ये 'लाइफबोट'च्या वेळी दिग्दर्शक हिचकॉकलाही हीच शंका आल्याचा किस्सा सांगतात. भर समुद्रात संगीत येणार कुठून, असा त्याचा सवाल. त्यावर डेव्हिड रॅक्सिन या संगीतकाराने उलट निरोप धाडला म्हणे, की आधी कॅमेरा कुठून आला ते सांगा, मग संगीताचं मी सांगतो.

पण रॅक्सिनच्या या बिनतोड उत्तरापेक्षा मॅक्स स्टायनरने १९३३ साली 'किंग काँग'मध्ये काढलेली तोड मला जास्त आवडते. श्रेयनामावलीचं संगीत संपलं की न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या सगळ्या भागात संगीताचा सूरही नाही. भूक, गर्दी, बोटीवरची बोलाचाली, सगळं कोरडं. मग काँगच्या बेटाकडे निघालेलं जहाज धुक्यात शिरतं. पुढचं कुणालाच दिसत नाही. आणि त्या धुक्यातून हार्पचे सूर हळूच वर येतात, तंतुवाद्यं येतात, मग कुठेतरी लांबवर ढोल. असं वाटतं की संगीत त्या बेटावरच राहत होतं आणि आपण आता त्याच्या हद्दीत आलोय. वादक कुठे बसलेत, हा प्रश्न तिथे मनातही येत नाही.

खुद्द काँग, तो महाकाय वानर, म्हणजे अठरा इंचांचं बाहुलं, आत धातूचा सांगाडा आणि वर सशाची कातडी. फ्रेमागणिक ते हाताने हलवायचे. हलवणाऱ्यांची बोटं लागून त्याच्या अंगावरची लव उगाचच थरथरते, ती आजही दिसते. लोक याला हसतील की काय, अशी स्टुडिओला भीती होती. स्टायनरने त्याला खर्जातल्या पितळी वाद्यांवर तीन उतरते सूर दिले. तेच तीन सूर सिनेमाभर दरारा घालत फिरतात आणि शेवटी त्या मरणाऱ्या जनावरासाठी वाजतात, तेव्हा आपला गळा दाटतो. एका बाहुल्यासाठी!

स्टायनरचा अतिरेकही याच सिनेमात आहे. बेटावरचा टोळीप्रमुख पावलं टाकत पुढे येतो, तर पावलागणिक वाद्यवृंदातून एकेक ठोका. लहान मूल जिना उतरताना पायरीपायरीला तोंडाने 'धप, धप' म्हणतं ना, तसं. कार्टूनमध्ये हे शोभतं, म्हणून तिकडे या प्रकाराला मिकी माउसचंच नाव चिकटलं. स्टायनरचा हात असा सुटला की मला मुलाचं म्हणणं पटायला लागतं.

ही माणसं होती कोण? नावं वाचत गेलं की नकाशा उलगडतो तो युरोपचा. स्टायनर व्हिएन्नाचा. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो लंडनमध्ये काम करत होता. ऑस्ट्रियाचा म्हणून एका रात्रीत शत्रू ठरला आणि १९१४ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. फ्रान्झ वॅक्समनला १९३४ मध्ये बर्लिनच्या रस्त्यात नाझी गुंडांनी मारलं. त्याने देशच सोडला. मिक्लोश रोझा बुडापेस्टचा. दिमित्री टिओमकिन युक्रेनमध्ये जन्मलेला आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकलेला. टिओमकिनने 'हाय नून'पासून पुढे काऊबॉयपटांना जे संगीत दिलं ते अमेरिकेच्या मोकळ्या माळरानाचं म्हणून जगाने ऐकलं. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, माळ सगळीकडचे सारखेच असतात.

आणि एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड. १८९७ मध्ये ब्रनोला जन्मला. दहा वर्षांचाही नव्हता तेव्हा संगीतकार गुस्टाव्ह मालरने हा मुलगा अलौकिक आहे असा निर्वाळा दिला. तेविसाव्या वर्षी 'डी टोटे श्टाट' हा त्याचा ऑपेरा युरोपभर गाजला. १९३८ च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सने त्याला व्हिएन्नाहून 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'साठी बोलावून घेतलं. सिनेमा पाहून त्याने चक्क नकार दिला. यात नुसती मारामारी आहे, मी मनाच्या व्यापाराचा संगीतकार, मला हे जमायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात ऑस्ट्रियाच्या बातम्या बिघडत चालल्या, आणि त्याने काम पत्करलं. मार्चमध्ये हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं, घर जप्त झालं, घरची माणसं कशीबशी निसटली. रॉबिन हूडने आपला जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे.

हे एकदा कळलं की तो सिनेमा पहिल्यासारखा ऐकू येत नाही. गोष्ट इंग्लंडची, जंगल कॅलिफोर्नियातलं, हिरव्या तंग विजारीत एरॉल फ्लिन हसत हसत तलवार चालवतोय, आणि वाजतंय काय, तर व्हिएन्ना. तेही असं व्हिएन्ना जे तोवर व्हिएन्नातही उरलं नव्हतं. युरोपच्या सभागृहांत ही भरघोस, सुरेल भाषा जुनाट ठरत चालली होती. तिला मोडीत काढण्यात ज्याचा मोठा वाटा, तो अर्नोल्ड शॉनबर्गही नाझींमुळेच परागंदा होऊन लॉस एंजेलिसलाच येऊन राहिला होता आणि जॉर्ज गर्श्विनबरोबर टेनिस खेळत होता. एका शहरात किती गोष्टी एकत्र नांदतात! जुन्या भाषेला आसरा मिळाला तो मात्र सिनेमाच्या स्टुडिओत, कारण तिथल्या मालकांना फक्त तिकीटबारी कळत होती आणि संगीतातलं जुनंनवं काही कळत नव्हतं.

याच लाटेतला एक माणूस आपल्या किनाऱ्यालाही लागला. बोहेमियातला वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत उतरला. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, सिनेमाचंही थोडं काम केलं, मग आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची बाजू सांभाळली. रोज पहाटे तानपुऱ्यावर जी व्हायोलिनची धून वाजायची, ती आकाशवाणीची ओळखधून त्याच्याच नावावर आहे. तिच्यावर आमच्या घरात बंब पेटला, चहाचं आधण चढलं, आजोबांनी घड्याळ लावलं. ती ऐकताना शिवरंजनी आठवावा, आणि ती एका निर्वासित युरोपियनाने बांधली असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसावं. वेगळी बोट मिळाली असती तर हाच माणूस कॅलिफोर्नियात बसून एरॉल फ्लिनच्या तलवारबाजीला संगीत देत असता, आणि आमच्या पहाटेला कोण जाणे कुठली धून मिळाली असती.

आता एका अडचणीच्या गोष्टीकडे वळते. 'गॉन विथ द विंड' मी तरुणपणी पाहिला तेव्हा त्यातल्या टारा या मळ्याच्या धूनने मला वेड लावलं होतं. १९३९ चा सिनेमा, संगीत स्टायनरचंच, जवळजवळ तीन तासांचं, सहायकांना हाताशी धरून काही महिन्यांत उरकलेलं. ती धून सुरुवातीलाच एक मोठी झेप घेते, थोडी खाली येते, पुन्हा झेपावते. मातीची ओढ म्हणजे हीच असं मला वाटायचं. पुढे वय वाढलं, चार गोष्टी वाचल्या, आणि लक्षात आलं की ती माती नांगरत होते ते गुलाम; त्यांना त्या मातीची ओढ होती की धास्ती, हे ना सिनेमा विचारतो ना संगीत. आज तो सिनेमा मला सलग बघवत नाही. धून मात्र लागली की अंगावर काटा येतोच, आणि येऊ नये असं वाटत असताना येतो. सिनेमाचं म्हातारपण दिसतं. वेश जुने होतात, संवाद कृत्रिम वाटतात, विचार खटकतात. संगीत या कशालाच बांधील राहत नाही. कधी वाटतं, स्टायनर जॉर्जियातल्या मळ्याविषयी लिहितच नव्हता; आजोबांचं नाटकगृह, लहानपणचं व्हिएन्ना, असं काहीतरी त्याचं स्वतःचं गेलेलं असेल. पण हा मी माझ्या सोयीचा काढलेला अर्थ असू शकतो. काटा आला त्याची सबब.

रोझाच्या बाबतीत असली कुचंबणा होत नाही. 'बेन-हर'मधल्या गलबताचा प्रसंग आठवा. तळाशी साखळदंडाने बांधलेले वल्हेकरी, समोर एक माणूस दोन्ही हातांत मोगरी घेऊन ठोके देतोय, आणि रोमन सेनानी शांतपणे वेग वाढवायला सांगतोय. ठोके जलद होतात तसा वाद्यवृंदही जलद होतो. सुरावट तीच, फक्त दर खेपेला आणखी कुणीतरी तिच्यात सामील झालेलं, आणखी दम लागलेला. बघता बघता आपणही पुढेमागे डुलायला लागतो. एकेक वल्हेकरी कोसळतो, त्याला फरफटत बाजूला करतात, ठोका चुकत नाही. आणि ज्यासाठी तो सिनेमा जगभर ओळखला जातो ती रथांची शर्यत? तिच्यात संगीतच नाही. आधीच्या संचलनाला दणदणीत तुताऱ्या, आणि शर्यत सुरू झाली की सुमारे नऊ मिनिटं फक्त टापा, चाकं, चाबूक, लोकांचा गलका. भरजरी संगीत लिहिणाऱ्याला कुठे थांबायचं हेही इतकं नेमकं कळत होतं. हे मी मुलाला आवर्जून दाखवलं. त्याने खांदे उडवले, पण शर्यत शेवटपर्यंत पाहिली.

बर्नार्ड हरमन मात्र या सगळ्यांतला वेगळा. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, तापट, लांबलचक सुरेल धून लिहायचाच कंटाळा. चार-सहा सुरांचा तुकडा घ्यायचा आणि तो घोळवत घोळवत माणसाला वेडाच्या काठावर नेऊन उभं करायचं, ही त्याची तऱ्हा. १९६० च्या 'सायको'त त्याने फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना पितळ. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नकोच, असं हिचकॉकने बजावलं होतं. हरमनने न ऐकता लिहिलं, वाजवून दाखवलं, आणि हिचकॉकला मुकाट मान्य करावं लागलं. त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांचा आवाज सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतो.

त्याआधी दोन वर्षं, 'व्हर्टिगो'च्या वेळी, अमेरिकेतल्या वादकांचा संप चालू होता. म्हणून ध्वनिमुद्रण लंडनला न्यायचं ठरलं. तिथेही खोळंबा झाला, तेव्हा उरलेलं काम उचलून नेलं ते व्हिएन्नाला. जिथून स्टायनर आणि कोर्नगोल्ड निघाले होते त्याच गावात हॉलिवूडचं संगीत वाजवायला वादक बसले. कुणी मुद्दाम ठरवून केलं असतं तर बेतीव वाटलं असतं. त्या १९५८ च्या संपानंतर स्टुडिओंनी पदरी पगारी वादक ठेवणं बंद केलं आणि सगळा कारखानाच विस्कटला.

कारखाना हे मी सरळ अर्थानेच म्हणते. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या झोतांवरची ती सलामी लिहिणारा आल्फ्रेड न्यूमन फॉक्समध्ये संगीत विभागाचा प्रमुख होता. ध्वनिमुद्रणाला तो वादकांसमोर उभा राही, त्यांच्या डोक्यावरून समोर पडदा. फिल्मवर आधीच एक तिरकी रेघ ओरखडलेली असे; चित्र सुरू झालं की ती रेघ पडद्यावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जाई, आणि पोचली की फिल्मला पाडलेल्या भोकातून पांढरा लखलखाट होई. त्या लखलखाटाला सूर तिथे पोचलेला हवा. दार उघडतं तिथे. ओठ हलतात तिथे. आणि लिहायला मुदत किती, तर बहुधा काही आठवडे. एवढं करून लोकांच्या ते लक्षात आलं नाही तर उत्तम, असा दंडक.

लक्षात न येण्याची सवय पुढे नडली. एमजीएम स्टुडिओ विकायला काढला, जागा मोकळी करायची वेळ आली, तेव्हा वाद्यवृंदाच्या लिखित प्रतींचा ढिगारा भरावात टाकला गेला. वर्षानुवर्षांचं संगीत मातीखाली गेलं. हल्ली जॉन विल्सन नावाच्या इंग्रज संगीत-संचालकाने एमजीएमच्या संगीतिकांचे वाद्यमेळ पुन्हा उभे केले ते कानांच्या भरवशावर: सिनेमा लावायचा, चार सेकंद ऐकायचे, मागे जायचं, पुन्हा ऐकायचे. नायिका बोलतेय, पावलं वाजताहेत, आणि त्यांच्या आडून दुसरं क्लॅरिनेट कोणता सूर धरून आहे ते टिपायचं. मग तिसरा हॉर्न. मग हार्प. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाचा हेवाच वाटला.

आपल्याकडची कथा याहून फार वेगळी नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईच्या सिनेमात आले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाचं अंग दिलं. पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच आलं. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, एका गाण्यातून, आणि तेही अमिताभचं पात्र म्हणून.

हॉलिवूडमध्ये ही भाषा संपली असं वाटत असताना १९७७ मध्ये जॉन विल्यम्सने 'स्टार वॉर्स'ला तिचाच साज चढवला. कोर्नगोल्डच्या 'किंग्ज रो'ची सुरुवात आणि 'स्टार वॉर्स'ची सुरुवात एकामागोमाग ऐका, नातं लपत नाही. त्याच वर्षी ते संगीत हॉलिवूड बोलच्या उघड्या प्रेक्षागृहात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलं झुबिन मेहतांनी. मुंबईचा पारशी, व्हिएन्नात शिकलेला. वडील मेहली कॉफमनच्या सोसायटीत व्हायोलिन वाजवत असत.

कोर्नगोल्डचं मात्र राहूनच गेलं. हिटलर आहे तोवर मैफलीसाठी लिहायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. युद्ध संपलं तेव्हा त्याने व्हायोलिन कॉन्चेर्तो पुरा केला आणि त्यात आपल्या सिनेमांतल्या धुना आणून बसवल्या. १९४७ मध्ये सेंट लुईसला याशा हायफेट्झने तो वाजवला. टीकाकारांनी नाकं मुरडली. हॉलिवूडचा वास येतो म्हणाले. तो व्हिएन्नाला जाऊन आला, पण तिथे त्याची वाट पाहणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. १९५७ मध्ये साठाव्या वर्षी तो लॉस एंजेलिसला वारला. आता जगभरची तरुण व्हायोलिनवादक मंडळी हा कॉन्चेर्तो हौसेने वाजवतात.

त्याला प्रस्तावना अशी नाहीच. व्हायोलिन पहिल्या क्षणी सुरू होतं आणि अवघ्या पाच सुरांत दोन सप्तकं ओलांडून वर जातं. ही धून 'अनदर डॉन' या १९३७ च्या सिनेमातली. वाळवंटातली ब्रिटिश छावणी, एक बाई, दोन अधिकारी. पाहिलेले लोक सांगतात की सिनेमा बेताचाच आहे. मी तो पाहिलेला नाही. शोधला तर कुठेतरी मिळेलही, पण इतक्यात शोधायचा विचार नाही.